डिझेलच्या टाकीत डीईएफ ओतले गेले: नेमके काय उघडावे आणि काय बदलावे?

प्रश्न : लांबचा_प्रवासी

नमस्कार. माझ्या डिझेल मोटारीच्या इंधनटाकीत पुतण्याने साधारण चार लिटर डीईएफ, म्हणजे धूर शुद्ध करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचे आणि ज्याला बहुतेक चालक नुसते ‘युरिया’ म्हणतात ते द्रव, चुकून ओतले आहे. दोन्ही तोंडे एकाच झडपेआड शेजारी शेजारी आहेत. डीईएफचे निळे झाकण घट्ट बसलेले होते आणि डिझेलचे काळे सहज फिरले, एवढेच कारण घडले. टाकीत त्या वेळी वीस-बावीस लिटर डिझेल असावे. चूक लक्षात येण्यापूर्वी त्याने बटण दाबून इग्निशन चालू केले होते आणि डॅशबोर्डवरचे दिवे लागले होते, परंतु स्टार्टर फिरला नाही आणि इंजिन सुरू झाले नाही. तेव्हापासून गाडी जागेवरच उभी आहे.

आता मला दोन टोकांचे सल्ले मिळाले आहेत. नेहमीच्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की टाकी डिझेलने काठोकाठ भरावी, चार लिटर द्रव पन्नास-साठ लिटरमध्ये विरून जाईल आणि हळूहळू जळूनही जाईल. उलट सेवाकेंद्राने टाकी, टाकीतील पंप, उच्चदाब पंप, रेल (इंजेक्टरांना दाबाखालचे इंधन पुरवणारी सामाईक नळी), चारही इंजेक्टर आणि सर्व नळ्या बदलाव्या लागतील असे लेखी कळवले आहे. इंजिन सुरूच झालेले नसताना एवढे सगळे बदलणे खरोखर आवश्यक आहे का, आणि नसेल तर कुठे थांबावे हे कशाच्या आधारावर ठरवायचे, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. या प्रकारचे काम प्रत्यक्ष केलेल्या सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : पंप_नोझल

डिझेल पंप आणि इंजेक्टर दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय आहे. आपल्याला मिळालेले दोन्ही सल्ले मला पटत नाहीत, मात्र त्यांची चूक सारखी नाही. पहिल्याने गाडीचे नुकसान होईल, दुसऱ्याने फक्त आपल्या खिशाचे.

आधी टाकी भरण्याच्या सल्ल्याविषयी. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले सगळे क्षारविरहित पाणी. ते डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे ‘विरून जाईल’ ही कल्पना मुळातच चुकीची आहे. त्याची घनता १.०९ च्या आसपास, तर डिझेलची साधारण ०.८३, म्हणजे ते चार लिटर आत्ता टाकीच्या तळाशी वेगळा थर करून बसलेले आहेत आणि वर कितीही डिझेल ओतले तरी तसेच बसून राहतील. इंधन ओढणारे तोंडही नेमके तळाशीच असते, कारण टाकी रिकामी होत आली तरी पंपाला इंधन मिळत राहावे अशी ती रचना असते. त्यामुळे भरलेल्या टाकीनिशी इंजिन सुरू केले, तर साठ लिटर डिझेल बाजूला राहून पंपाच्या वाट्याला सर्वांत आधी युरियाच येईल. डिझेलमध्ये थोडेसे पेट्रोल मिसळले गेले असता भर घालण्याला निदान काही अर्थ असतो, कारण ती दोन्ही इंधने एकमेकांत पूर्ण मिसळतात. इथे तो हिशोब लागूच होत नाही.

हे द्रव पंपात गेले तर काय होते? कॉमन रेल इंजिनातील उच्चदाब पंप २,००० बारच्या आसपास दाब निर्माण करतो, त्याच्या प्लंजर (सरकणारा दट्ट्या) आणि बॅरलमधील (त्याचे नळकांडे) फट काही मायक्रोनांची असते आणि त्याला वंगण मिळते ते केवळ डिझेलचेच. पाण्याला ती वंगणक्षमता नाही, त्यामुळे धातू धातूवर घासला जातो आणि सुटलेला कीस रेलमधून इंजेक्टरांपर्यंत पोहोचतो. कॉमन रेलमध्ये वापरले न गेलेले डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत येते, म्हणून तो कीस एका जागी न थांबता सगळीकडे फिरतो. त्यातच युरियाचे द्रावण साध्या पोलादाला, तांब्याला, पितळेला आणि ॲल्युमिनियमलाही खाते, आणि पाणी उडून गेले की मागे पांढरे स्फटिक राहतात, जे इंजेक्टरच्या सूक्ष्म छिद्रांना पुरेसे घातक असतात. इंजिन चाललेले असते, तर सेवाकेंद्राच्या यादीवर मी फारसा आक्षेप घेतला नसता.

पण आपले इंजिन चाललेले नाही, आणि सगळा निर्णय इथेच फिरतो. उच्चदाब पंप इंजिनच्या गतीवर चालतो. इंजिन फिरले नाही तर तो फिरत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की आपल्या गाडीच्या टाकीत विजेवर चालणारा पंप आहे की नाही? काही डिझेल गाड्यांत तो असतो आणि इग्निशन चालू करताच काही सेकंद गुणगुणत फिल्टरच्या दिशेने इंधन ढकलतो. काहींत तो नसतोच. उच्चदाब पंपाला जोडलेला छोटा गिअर पंपच टाकीतून इंधन ओढतो, आणि तोही इंजिनवरच चालतो. आपली गाडी दुसऱ्या प्रकारची असेल, तर ते द्रव टाकीबाहेर गेलेलेच नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येईल. पहिल्या प्रकारची असेल, तर ते नळीतून फिल्टरपर्यंत आणि फार तर उच्चदाब पंपाच्या प्रवेशमुखापर्यंत गेलेले असू शकते. रेल आणि इंजेक्टर या दोन्ही परिस्थितींत सुरक्षित राहतात. ही माहिती गाडीच्या वायरिंगच्या आराखड्यावरून किंवा फ्यूजपेटीच्या तक्त्यावरून मिळते. आवाज ऐकण्यासाठी कृपया पुन्हा इग्निशन चालू करून पाहू नये.

कामाचा क्रम मी असा ठेवतो. सर्वप्रथम बॅटरीची ऋण तार काढावी, निदान इंधनपंपाचा फ्यूज तरी काढावा, कारण काही गाड्यांत चालकाचे दार उघडताच पंप क्षणभर चालतो. मग फिल्टरपासून सुरुवात करावी. त्याच्या तळाचा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घेऊन उजेडात पाहावा. तिथे खाली पाण्यासारखा थर नसेल, तर पुढचे काही उघडण्याचे कारण मला दिसत नाही. काम टाकीपुरतेच राहते. थर असेल, तर उच्चदाब पंपाची प्रवेशनळी सोडवून तिथला नमुना घ्यावा. तोही स्वच्छ निघाला तर तिथेच थांबावे. प्रवेशमुखापाशी द्रव सापडले, तर पंप उतरवून चाचणी-मंचावर, म्हणजे आमच्याकडे ज्याला टेस्ट बेंच म्हणतात त्यावर, उघडून तपासून घ्यावा. तो नुसता ओला असेल आणि गंज धरलेला नसेल तर बदलण्याची गरज नसते. थोडक्यात, प्रत्येक टप्पा उघडून पाहावा आणि ज्या टप्प्यावर द्रव सापडत नाही तिथून पुढे हात लावू नये.

टाकी मात्र खाली उतरवावीच. वरून नळी घालून उपसल्याने तळाचे थोडे द्रव हमखास शिल्लक राहते, शिवाय पंप ज्या छोट्या कुंडात बसवलेला असतो त्यातले निघत नाही. चारही चाकांना गती देणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टाकी खोगिराच्या आकाराची असून तिचे दोन कप्पे असतात, त्यामुळे एक बाजू उपसली तरी दुसरी तशीच राहते. तोंडाने नळी ओढण्याचा प्रकार तर कुणीही करू नये.

धुण्याविषयी एक गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते, म्हणून मुद्दाम लिहितो. टाकी डिझेलने कितीही वेळा विसळली तरी युरियाचे स्फटिक निघत नाहीत, कारण युरिया डिझेलमध्ये विरघळतच नाही. तो पाण्यातच विरघळतो. म्हणून रिकामी टाकी आणि पंपाचे कुंड आधी कोमट शुद्ध पाण्याने धुवावे, मग ते पूर्ण कोरडे होईपर्यंत हवा मारावी आणि अगदी शेवटी थोड्या डिझेलने विसळावे. टाकी प्लास्टिकची असेल तर अडचण नाही. पोलादी असेल तर वाळवण्यात दिरंगाई करू नये, नाहीतर पाण्याचा गंज आपणच आणून ठेवला असे होईल. फिल्टर सर्व परिस्थितींत नवा घालावा.

आणि गाडी तशीच उभी ठेवू नये. नळ्यांत द्रव शिरले असेल, तर ते रोज थोडे थोडे धातू खात राहील.

प्रतिसाद : जुनी_गाडी

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, तरीही मला वाटते की आपण सगळेच हल्ली जरा अधिक घाबरतो. जुन्या डिझेल इंजिनांत कडाक्याच्या थंडीत डिझेल गोठू नये म्हणून त्यात पेट्रोल किंवा रॉकेल मिसळण्याची मुभा काही निर्मात्यांच्या माहितीपुस्तिकांतच दिलेली असे. टाकीत पाणी शिरले तर आम्ही तळाचा नट सैल करून पाणी सोडायचो, फिल्टरची वाटी रिकामी करायचो, हातपंपाने एअर काढायचो आणि गाडी चालू करायचो. इंजिने त्यानंतरही वर्षानुवर्षे चालली. चार लिटर पाण्यासाठी टाकी उतरवून धुणे मला अतिरेकी वाटते. फिल्टरमध्ये पाणी वेगळे करण्याची सोय असतेच की.

प्रतिसाद : पंप_नोझल

आपला अनुभव खरा आहे, पण तो ज्या इंजिनांचा आहे त्यांत इंजेक्शनचा दाब आजच्या तुलनेत कितीतरी कमी होता आणि त्यांतल्या अनेक पंपांना इंजिन ऑइलचेही वंगण मिळत असे. पेट्रोल मिसळण्याची ती मुभा आधुनिक कॉमन रेल गाड्यांच्या पुस्तिकांत राहिलेली नाही, याचे कारण हेच. फिल्टरमधील पाणी वेगळे करण्याची वाटी डिझेलबरोबर थेंबाथेंबाने येणाऱ्या पाण्यासाठी असते; तिची क्षमता फार थोडी. तळाचा सगळा थर एकदम ओढला गेला तर ती काही क्षणांत भरते आणि पुढचे द्रव तिच्यावरून वाहत पुढे जाते. तळाला नट असणे ही ट्रकच्या टाकीची सोय आहे. मोटारींच्या प्लास्टिकच्या टाक्यांना तो बहुधा नसतोच.

आणि हे केवळ पाणी नाही. पाणी उडून जाते, युरिया मागे राहतो.

प्रतिसाद : क्षार_द्रव

मी रसायनशास्त्र शिकवतो, मोटारींमधले मला विशेष कळत नाही. पण नमुना ओळखण्याबाबत थोडी भर घालतो, कारण बाटलीतला खालचा थर पाण्याचा आहे की डीईएफचा, यावर पुढची धुण्याची पद्धत अवलंबून आहे.

नमुन्याची बाटली काही वेळ न हलवता ठेवावी. मग ड्रॉपरने खालच्या थरातले दोन-चार थेंब काढून स्टीलच्या ताटलीवर ठेवावेत आणि ती ताटली उन्हात किंवा गरम पाण्याच्या भांड्यावर धरून थेंब सुकू द्यावेत. ज्योत वापरू नये. नमुन्यात डिझेल आहे हे विसरून चालणार नाही, आणि युरिया १३३ अंश सेल्सियसला वितळू लागतो व त्याहून अधिक तापवल्यास विघटित होऊन अमोनिया सोडतो, त्यामुळे तापवण्याने निष्कर्षही बिघडतो. साधे पाणी असेल तर ताटलीवर जवळजवळ काही उरणार नाही, फार तर जड पाण्याचा पुसट डाग राहील. डीईएफ असेल तर सुयांसारखे पांढरे स्फटिक ठळक दिसतील, आणि पाण्याचा थेंब टाकताच ते पुन्हा विरघळतील. ही शेवटची पायरी वगळू नये, कारण पांढरे काही उरले म्हणजे युरियाच, असे म्हणता येत नाही.

या पद्धतीने पेट्रोलची भेसळ मात्र सापडणार नाही. पेट्रोल आणि डिझेल एकजीव होत असल्याने बाटलीत थर दिसतच नाही. पेट्रोल मिसळल्याची शंका असलेल्या नमुन्यावर घरी कोणताही प्रयोग करू नये. डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते तापमान, साधारणपणे ५० अंशांच्या आसपास किंवा वर असतो, तर पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांनाही पेटू शकते, आणि थोड्याशा पेट्रोलनेही मिश्रणाचा ज्वलनांक एकदम खाली येतो.

प्रतिसाद : ताफा_प्रमुख

आमच्याकडे मालवाहू गाड्यांचा ताफा आहे आणि आम्हाला उलट प्रकार अधिक भोगावा लागतो, म्हणजे डीईएफच्या टाकीत डिझेल. विषय जवळचा असल्यामुळे येथेच लिहितो. चालकांना वाटते की डिझेल काही वाईट नाही, थोडे गेले तर काय बिघडले? प्रत्यक्षात त्या प्रणालीतील सील आणि पंपाचा पडदा ज्या रबराचे असतात, ते पाण्याला आणि युरियाला उत्तम टिकते, पण तेल लागले की फुगते. डिझेल हलके असल्यामुळे डीईएफवर तरंगत राहते आणि पंप तळातून ओढतो, म्हणून पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. टाकीतील पातळी उतरत गेली की ते पंपापर्यंत पोहोचते. मग डीईएफ मोजून सोडणारा डोसिंग पंप, नळ्या आणि फवारा मारणारे नोझल असे सगळेच बदलावे लागते, आणि तेल पुढे गेले तर धूर शुद्ध करणारा महागडा एससीआर कॅटॅलिस्टही धोक्यात येतो. पृष्ठभागावर इंद्रधनुषी तवंग दिसला की आम्ही गाडी तिथेच थांबवतो.

नोझलचे आकार वेगवेगळे ठेवले आहेत ते याचसाठी. डीईएफचे नोझल १९ मिलिमीटरचे, पेट्रोलचे साधारण २१ आणि डिझेलचे त्याहून जाड. त्यामुळे डिझेलचे नोझल डीईएफच्या तोंडात शिरत नाही. पण बारीक नोझल मोठ्या तोंडात सहज शिरते, आणि डिझेल गाडीत पेट्रोल किंवा डीईएफ जाण्याच्या घटना होतात त्या यामुळे. कॅन आणि नरसाळे हाती आले, की ही सगळी योजना निरुपयोगी ठरते. आम्ही डीईएफसाठी वेगळे नरसाळे साखळीने बांधून ठेवले आहे. डिझेलचे नरसाळे धुऊनही त्यासाठी वापरू देत नाही.

प्रश्नकर्त्यांना आणखी एक सुचवतो. उपसलेले मिश्रण गटारात किंवा जमिनीवर ओतू नये आणि ‘वरचे डिझेल तर चांगले आहे’ म्हणून दुसऱ्या गाडीतही भरू नये. ते टाकाऊ तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे द्यावे. विम्याचा दावा करायचा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी छायाचित्रे आणि सीलबंद नमुना जवळ ठेवावा, कारण चुकीचे द्रव भरल्याचे नुकसान अनेक करारांत वगळलेले असते आणि वाद तिथूनच सुरू होतो.

प्रतिसाद : लांबचा_प्रवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी ढकलत एका स्वतंत्र डिझेल कार्यशाळेत नेली. गाडीच्या टाकीत विजेचा पंप आहे, हे वायरिंगच्या आराखड्यावरून स्पष्ट झाले. फिल्टरच्या तळाच्या नमुन्यात बोटभर थर होता. तो सुकवल्यावर पांढरे स्फटिक उरले आणि पाण्याचा थेंब टाकताच विरघळले. उच्चदाब पंपाच्या प्रवेशनळीतील नमुना मात्र एकसंध आणि स्वच्छ निघाला. टाकी उतरवली आहे, ती दोन कप्प्यांचीच आहे, आणि भरण्याच्या नळीच्या आतल्या बाजूसही पांढरी पुटे दिसत आहेत. सेवाकेंद्राला हे कळवले असता त्यांनी पूर्ण प्रणाली बदलल्याशिवाय आपण कामाची हमी देणार नाही, एवढेच उत्तर दिले. त्यांची बाजूही मी समजू शकतो.

आता दोन शंका उरल्या आहेत. टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या नळ्या बदलाव्यात की धुऊन चालतील? आणि कार्यशाळेतील एक कारागीर म्हणतो, की पहिल्यांदा डिझेल भरताना त्यात पाणी शोषून घेणारे औषध घालावे, म्हणजे उरलेसुरले पाणी इंधनाबरोबर जळून जाईल. ते घालावे का?

प्रतिसाद : पंप_नोझल

नळ्या प्लास्टिकच्या असतील तर पाण्याने धुऊन कोरड्या हवेने वाळवल्या तरी पुरते. धातूच्या असतील तर आतून गंज धरला आहे की नाही हे पूर्ण दिसत नाही, म्हणून त्या बदलाव्यात. उच्चदाब पंपाच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे. भरण्याची नळी आणि तिची हवा जाण्याची बारीक नळी दोन्ही विसरू नयेत, कारण टाकी धुतल्यानंतर तीच पुटे पुढच्या डिझेलबरोबर निखळून पुन्हा तळाशी येतील.

ते औषध घालू नये. त्यातली बरीच रसायने पाण्याचे सूक्ष्म थेंब करून ते डिझेलमध्ये तरंगते ठेवतात, आणि असे पाणी फिल्टरला वेगळे करता येत नाही. ते थेट उच्चदाब पंपात जाते. आपल्याला तर पाणी फिल्टरपाशी अडायला हवे आहे.

नवा फिल्टर बसवल्यानंतर उच्चदाब पंपाची प्रवेशनळी जोडण्याआधी ती बाटलीत सोडून, टाकीतील पंप बिघाड शोधणाऱ्या यंत्राच्या (स्कॅनरच्या) साहाय्याने चालवून पहिले दोन-तीन लिटर डिझेल बाहेर काढावे. ते बाटलीत ठेवून थर दिसत नाही याची खात्री झाली की मगच नळी जोडून, एअर काढून, इंजिन सुरू करावे. सुरुवातीला ते अडखळेल, ते हवेमुळे. मात्र पाण्याचा इशारा देणारा दिवा लागला तर लगेच बंद करावे. हा संवेदक द्रवाची वीजवाहकता पाहतो आणि युरियाच्या द्रावणातून वीज वाहते, त्यामुळे डीईएफ आले तरी तो दिवा लागू शकतो. हा नवा फिल्टरही नेहमीच्या मुदतीची वाट न पाहता लवकर काढावा आणि फेकण्यापूर्वी कापून त्याच्या घड्यांत चकाकणारा धातूचा कीस आहे का, ते पाहावे. कीस आढळला तर तो फिल्टर तसाच पिशवीत घालून मला दाखवायला आणावा, आणि तोपर्यंत गाडी चालवू नये.